डिकीतली मेंढी

सुसामीरच्या पठारावर, बिश्केकहून ओशला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला, उलकानचा नमद्याचा तंबू उन्हाळाभर उभा असे. तिच्यासारखं किमीझ त्या रस्त्यावर दुसरं कुणाकडे मिळत नसे, आणि तिच्यासारखा संशयही नाही. घोडीचं दूध तिनेच काढायचं, कातड्याच्या पिशवीत तिनेच घुसळून आंबवायचं, आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी वास घेऊन तिनेच विचारायचं, "यात कुणी पाणी तर नाही ना घातलं?" हातात आलेली नोट ती आधी उन्हात धरी, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. रेडिओवाला उद्या पाऊस नाही म्हणाला की ती सरपण झाकून ठेवी. नवरा लागोपाठ शिंकला तर म्हणे, "काय लपवताय?" बिचाऱ्या मुकाशकडे लपवण्यासारखं उभ्या आयुष्यात काही नव्हतं, आणि तिला तेच सगळ्यात जास्त खटकायचं.

"एकदा पाहिलेलं माणूस मी विसरत नाही," असं ती छाती ठोकून सांगे. रस्त्यावर बसून तिचे केस पिकले होते, तेव्हा लोकही मान डोलावत. खरं म्हणजे ती गाड्या बघायची. लांबून धूळ दिसली की ती सांगे, जुनी मोस्क्विच आहे, घासाघीस करणार. मालट्रक आहे, उभ्याउभ्या पिऊन जाणार. आणि उंच, रुंद, चकचकीत जीप दिसली की तिचे डोळे बारीक व्हायचे. "एवढी गाडी घामाने येते होय?" ती मुकाशला विचारी. "कुणाची तरी मान मुरगाळल्याशिवाय माणूस इतक्या उंचावर बसत नाही."

तरी त्या जीपवाल्यांना किमीझ मात्र ती निळ्या नक्षीच्या वाडग्यातून देई. ते वाडगे तिच्या आईने लग्नात दिलेले होते. बाकी सगळ्यांना पत्र्याचे पांढरे मग, कडेचे टवके उडालेले. यात आवडनिवड काही नाही, असं तिचं म्हणणं. जीपवाले मग बघून नाकं मुरडतात, आणि ट्रकवाल्यांच्या राकट हातात चिनीमाती टिकत नाही, एवढंच.

मोठ्या जीपची तिने धास्ती घ्यायला कारणही तसंच घडलं होतं. पलीकडच्या तंबूतल्या बातमाच्या लेकीला मागणी घालायला असेच लोक काळ्या, कमरेएवढ्या चाकांच्या जीपमधून आले होते. लग्न झालं, आणि तिसऱ्या दिवशी भाड्याची जीप तिच्या धन्याकडे परत गेली. पाठोपाठ दारात उधारीवाले आले, आणि वर्ष उलटायच्या आत पोरगी माहेरी आली. ती अजून बातमाच्या घोड्या दोहते. तिला पाहिलं की उलकान आपल्या एकुलत्या एका लेकीकडे, जिपारकडे, बघे, कारण तीही लग्नाची झाली होती.

जिपार हिवाळ्यात बिश्केकच्या दवाखान्यात नर्स असे आणि उन्हाळ्यात सुट्टी काढून आईच्या मदतीला येई. एके दिवशी तिने घोडीच्या पोटाआडून आईला सांगितलं, "शुक्रवारी पाहुणे येतायत. मला मागणी घालायला. कानात घालायची कर्णफुलं घेऊनच येतील."

"कोण? कुठले? तू पाहिलायस का त्याला?"

"तिलेक नाव. कारा-बाल्टाचा. घरांत गरम पाण्याचे नळ बसवतो."

"नळवाला?" उलकानचा चेहरा पडला. "येणार कशाने? घोड्यावरून?"

जिपारने चरवीतल्या फेसाकडे बघत उत्तर दिलं, "गाडीने येतील, आई."

शुक्रवारी दुपारी गाडी आली, आणि तंबूच्या दारातला कुत्रा भुंकलाच नाही. उलकानला पहिला संशय तिथेच आला. एवढं धूड रस्त्यावरून गवतात उतरलं तरी आवाज नाही. गाडी पांढरी होती, पण चुन्यासारखी नव्हे. उन्हात तिच्यावर मोत्याची झाक येत होती. फार अवाढव्य नाही, फार बुटकी नाही, अगदी बेताची उंच, नाकाडोळ्यांनी नीटस. मुकाश तर घोडं पारखावं तसा तिच्याभोवती फिरला आणि मान हलवत म्हणाला, "काय जनावर आहे!"

"तोंड मिटा," उलकान पुटपुटली. "नळवाल्याकडे ही?"

गाडीतून मुलाचा बाप बेशेन उतरला, नवी कोरी पांढरी टोपी घातलेला. त्याची बायको सोनुन उतरली, छातीशी रेशमी पुरचुंडी धरून. मुलगा तिलेक उतरला आणि त्याने उलकानला वाकून सलाम केला. त्याच्याकडे तिचं धड लक्षच नव्हतं. ती बघत होती स्टिअरिंगमागून उतरलेल्या चौथ्या माणसाकडे. ढगळ विजार, पायात सपाता, पोट सुटलेलं.

"हा कोण?" तिने विचारलं.

"हा कुबात," बेशेन घाईने म्हणाला. "हा... गाडी चालवतो."

ड्रायव्हरसुद्धा ठेवलाय! उलकानने मनात नोंद केली. कुठंतरी पाणी मुरतंय.

तिथल्या रीतीप्रमाणे नव्या वस्तूचं तोंड फुकट बघायचं नसतं. नवी सून असो, बाळ असो की गाडी, बघणाऱ्याने तिच्या धन्याच्या हातावर काहीतरी ठेवायचंच. याला कोरुमदुक म्हणतात. उलकानने कनवटीची घडी घातलेली नोट काढली आणि बेशेनच्या हातात कोंबली. "घ्या व्याहीबुवा, गाडीला दृष्ट न लागो."

बेशेनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अहो, कशाला, कशाला," म्हणत त्याने नोट घेतली, ती गरम निखाऱ्यासारखी या हातातून त्या हातात केली, आणि उलकान तंबूकडे वळतेय असं वाटून हळूच कुबातच्या खिशात सरकवली. उलकान वळली नव्हती. ती डोक्यावरचा रुमाल सारखा करत होती, आणि रुमालाआडून बघत होती.

गाडीचं कोरुमदुक ड्रायव्हरच्या खिशात! सुनेचं तोंड बघितल्याचे पैसे कुणी शेजाऱ्याला देतं का?

"विहीणबाई, बसून तरी बघा आत," सोनुन म्हणाली, बहुधा नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून. कुबातने दार उघडलं. आसनांवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं. उलकान चढून बसली, आणि कुबातने दार लोटलं. रजयांच्या पेटीचं झाकण पडावं तेवढाच आवाज झाला.

आणि रस्ता ऐकू येईनासा झाला. ट्रक जात होते, वारा गवत झोपवत होता, शिंगरं खिंकाळत होती, सगळं काचेपलीकडे मुकं. रस्त्याच्या कडेला आयुष्य गेलेल्या त्या बाईला असली शांतता ठाऊकच नव्हती. मग तिला बुडाखाली ऊब जाणवली. ती दचकून दार ठोकायला लागली. "आग लागली! खालून आग लागलीय!"

"काकू, आग नाही," कुबात दार उघडून हसत म्हणाला. "बसायची जागा गरम होते. थंडीसाठी असतं."

उलकान परत टेकली. तिला जिपारचे हात आठवले, भल्या पहाटे गार पाण्यात बुडून फुटलेले, रक्ताच्या चिरा पडलेले. आपली पोर डिसेंबरात अशा गरम गादीवर बसून जाईल, आणि वारा काचेवर डोकं आपटत बसेल. ती गाडी खरोखरच यांची असावी असं तिला मनापासून वाटलं. आणि इतकं मनापासून वाटलं म्हणूनच तिचा संशय दुप्पट झाला. मासा गळाला लागतो तो भूक लागल्यावरच.

तंबूत पाहुण्यांना रीतीने बसवलं. दारासमोरच्या मानाच्या जागी बेशेन, त्याच्याशेजारी सोनुन, मग तिलेक. कुबातला दाराजवळ, खोगिरांच्या बाजूला. निळे वाडगे भरले गेले, कुबातच्या हातात पत्र्याचा मग आला. मटण वाटताना बेशेनला मानाचं, म्हणजे मेंढीचं डोकं मिळालं, सोनुनला चरबीचा तुकडा, आणि कुबातला बरगडीचं एक चपटं हाड, ज्यावर मांस होतं की नव्हतं यावर वाद घालता आला असता. कुबात निमूटपणे ते चघळत राहिला. मात्र दर थोड्या वेळाने तो उठे, दाराचा नमदा सारून बाहेर डोकावे.

"तुमच्या ड्रायव्हरला काय झालंय?" उलकानने विचारलं. "पोट बिघडलंय का?"

"शिंगरू आरसा चाटतंय," कुबात दारातूनच कळवळला. "कुणी त्याला बांधत का नाही?"

"चाटू दे की. गाडीला काय मीठ लावलंय?" उलकान म्हणाली, आणि बेशेनकडे वळली. "गाडी केव्हा घेतलीत व्याहीबुवा?"

"हां... वसंतात."

"शरदात," त्याच क्षणी सोनुन म्हणाली.

"म्हणजे शरदात ठरवली आणि वसंतात आली," तिलेक म्हणाला, आणि त्याने मान इतकी खाली घातली की हनुवटी वाडग्यात बुडायची.

"पेट्रोल फार पिते का हो?"

बेशेनने आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न ऐकल्यासारखं कुबातकडे बघितलं. कुबात दारातून म्हणाला, "पिते. पण देते पण."

सोनुनने दोनदा रेशमी पुरचुंडीची गाठ सोडायला घेतली. दोन्ही वेळा उलकानने तिला थांबवलं. "चहा होऊ दे." "अहो, अजून रस्सा राहिलाय." एकदा का कर्णफुलं पोरीच्या कानात गेली की शब्द दिला गेला. मग ती काढून परत करणं म्हणजे दोन घरांचं वैर. उलकान मुकाशला खुणेने बाहेर घेऊन गेली.

"ही गाडी यांची नाही," ती म्हणाली.

"नसेना का. मुलगा बरा वाटतोय."

"बातमाचा जावईही बराच वाटत होता! ऐका. ती चरबीवाली मेंढी आणा. पाय बांधून. व्याह्यांना भेट."

"आता? जिवंत?"

"जिवंतच. आणि डिकीत घालायची. ज्याची गाडी आहे तो हसत घालेल. ज्याची नाही त्याच्या तोंडचं पाणी पळेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मुकाश डोकं खाजवत गेला. व्याह्यांनी दिलेली मेंढी नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. सुटका नव्हती.

मेंढी आली. सगळे बाहेर आले. मेंढी धष्टपुष्ट, चिखलात लोळलेली, घाबरून लेंड्या टाकत असलेली. "ही तुमची, व्याहीबुवा," उलकान गोड आवाजात म्हणाली. "कर्णफुलांच्या आधी ही गाडीत चढू दे, म्हणजे सगळं शुभ होईल. उघडा डिकी."

बेशेनच्या नव्या टोपीखालून घामाचा ओघळ निघाला. त्याने डिकीवरून हात फिरवला, वर चाचपलं, खाली चाचपलं. ती उघडते कुठून हे त्याला ठाऊक नव्हतं. कुबातने नाइलाजाने खिशातली किल्ली दाबली आणि डिकी आपोआप वर गेली. आत राखाडी रंगाचा मऊ गालिचा, त्यावर ना कण ना डाग. मुकाशने मेंढी उचलली. मेंढीने तेवढ्यात धार सोडली.

"नाही! नाही!" कुबात किंचाळला आणि दोन्ही हात पसरून डिकीसमोर उभा राहिला. एका हातात अजून तो मग होता, किमीझ त्याच्या पोटावर सांडत होतं. "माझ्या गाडीत मेंढी नाही! दोर्दोयच्या बाजारात थंडीवाऱ्यात उभा राहून विजारी विकल्यात मी हिच्यासाठी! दोस्ताखातर गाडी दिली, ड्रायव्हर झालो, हाड चघळलं, सगळं केलं, पण मेंढी नाही!"

सोनुनने पुरचुंडी तोंडावर दाबली. बेशेनने टोपी काढून हातात घेतली. "गाडी कुबातची आहे," तो हळू म्हणाला. "माझ्या पोराचा मित्र आहे तो. मला खोटं बोलायची सवय नाही हो बाई. सकाळपासून घास उतरत नाहीये."

उलकानला आपण इतक्या खुश होऊ असं वाटलं नव्हतं. सगळं पितळ उघडं पडलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच मेंढीने. "मी म्हटलंच होतं!" ती कडाडली. "कोरुमदुक ड्रायव्हरच्या खिशात गेलं तेव्हाच मी ओळखलं! उधारीच्या घोड्यावर नवरदेव! ठेवा ती कर्णफुलं तुमच्याकडेच. माझी पोर वाऱ्यावर नाही पडली." आणि तिने डिकीसमोर उभ्या असलेल्या कुबातकडे पाहिलं. "अहो, तुम्ही असे बाहेर का उभे? दाराशी बसवलं तुम्हाला, काय म्हणावं! आधी सांगायचं नाही का?" असं म्हणता म्हणता तिने त्याच्या हातातला पत्र्याचा मग काढून घेतला होता, तंबूच्या दारापाशी मांडलेला निळा वाडगा उचलला होता आणि काठोकाठ भरलाही होता. "घ्या. गार आहे."

कुबातने हात पुढे केला नाही. तो तिच्या मागे कुणाकडे तरी बघत होता.

"बघ, आई," जिपार म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या हातात काय आहे ते बघ."

उलकानने वाडग्याकडे बघितलं.

"गाडी आणायला मीच सांगितलं त्यांना. ते नको नको म्हणत होते. तिलेकचे वडील तर म्हणाले, आपण आहोत तसे जाऊ. मी म्हटलं, तसे गेलात तर माझी आई तुम्हाला बघणारच नाही."

"मी बघणार नाही? मी? एकदा पाहिलेलं माणूस..."

"मागच्या उन्हाळ्यात तिलेक इथे तीन-चारदा येऊन गेला, आई. बापाच्या जुन्या मोस्क्विचमधून. तुझ्याकडून किमीझ घेतलं. एकदा तुझ्या तंबूची तुटकी दोरी बांधून दिली, पाऊस होता तेव्हा, नमदा शिवताना तू त्याला सुई धरायला लावलंस. आज तो तुला वाकून सलाम करून गेला, आणि तू त्याला ओळखलंसुद्धा नाहीस."

मुकाश मेंढी कवटाळून उभा होता. तो हळूच म्हणाला, "अगं हो. दोरीवाला."

उलकानने तिलेककडे बघितलं. तो आल्यापासून पहिल्यांदा, नीट. कानशिलावर भाजल्याची जुनी खूण होती. हातांची बोटं जाड, नखांत काळं. तिने आठवायचा खूप प्रयत्न केला. पाऊस आठवला, दोरी आठवली, वाऱ्याने उडालेला नमदा आठवला. रस्त्याकडेला उभी असलेली मोस्क्विच आठवली, गंजलेली, डावं दार तारेने बांधलेलं. दोरी बांधणाऱ्याच्या जागी मात्र दोन ओले हात होते, आणि त्यांच्यावर तोंडच नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली. जन्मभर ती एकेका नोटेला उन्हात धरत आली होती, आणि हे माणूस तिच्या पुढ्यात भिजत उभं असताना तिने वर मान करून बघितलं नव्हतं.

"मी तुला किमीझ कशात दिलं होतं रे?" तिने विचारलं.

तिलेक गोंधळला. "चांगलं होतं, काकू. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं."

"कशात दिलं ते विचारतेय."

"मगात," तो म्हणाला.

उलकानने निळा वाडगा त्याच्या हातात ठेवला. तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, प्यावा की नाही हे न कळून. मग ती सोनुनकडे वळली आणि करड्या आवाजात म्हणाली, "आल्यापासून ती पुरचुंडी छातीशी धरून काय बसलायत, विहीणबाई? पोरीचे कान काय मी धरून ठेवू?"

सोनुनला गाठ सुटेना, शेवटी तिने ती दातांनी ओढली. जिपारने पुढे होऊन मान झुकवली. एका कानात चांदीचं फूल गेलं, मग दुसऱ्या. कुबात नाक ओढत डिकीपाशी गेला, आतला गालिचा उचलून गुंडाळला, आणि कुणाकडेही न बघता मुकाशला म्हणाला, "टाका ती मेंढी. धुऊन घेईन."

उलकानने खाली ठेवलेला पत्र्याचा मग उचलला. त्यात कुबातचं उरलेलं किमीझ होतं. दुसरं भांडं शोधायला ती गेली नाही. तिने मग तोंडाला लावला, आणि टवका उडालेली कड तिच्या ओठाला टोचली. इतकी वर्षं तिने त्या मगांतून लोकांना पाजलं होतं, पण स्वतः त्यातून कधी घोट घेतला नव्हता.